आधी विचारायचे, मग सांगायचे

एचआयव्हीची चाचणी करून घेणाऱ्या बहुतेकांचा अहवाल निगेटिव्ह येतो. देशातील प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे आणि चाचणी होणाऱ्यांत गरोदर स्त्रियांचा वाटा मोठा असतो, तेव्हा यात नवल काही नाही. नवल पुढच्या पाच मिनिटांचे आहे. अहवाल पॉझिटिव्ह आला की यंत्रणा हलते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, देणाऱ्या केंद्राची चिठ्ठी तयार होते, जोडीदाराला बोलावले जाते, क्षयरोगाची लक्षणे विचारली जातात, नाव नोंदवहीत चढते आणि माणूस पुन्हा आला नाही तर त्याला शोधायला कोणीतरी निघते. अहवाल निगेटिव्ह आला की ‘काही नाही, सगळे ठीक आहे’ एवढे ऐकून तो बाहेर पडतो आणि पुढचा नंबर पुकारला जातो. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा माणूस हाच. त्याला लागण झालेली नाही, उद्या होऊ शकते, आणि आज तो आरोग्यसेवकाच्या समोर बसलेला आहे. देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतले 4 लाखांच्या आसपास महाराष्ट्रात आहेत, आणि राज्यांच्या यादीत ही संख्या सर्वांत मोठी आहे. नव्या लागणी पूर्वीपेक्षा पुष्कळ घटल्या असल्या तरी वर्षाला साठ हजारांवर अजून होतातच. ही लागण होणारे लोक कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात तापासाठी, मूतखड्यासाठी, पांढरे जाण्यासाठी, बाळंतपणासाठी येऊन गेलेले असतात. त्या भेटीत काय बोलले गेले आणि काय राहून गेले, हा या पुस्तकाचा विषय आहे. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या प्रशिक्षणासाठी ते लिहिलेले आहे. त्यामागची भूमिका एका वाक्यात मांडता येते: गेली तीन दशके आपण आरोग्यसेवकांना सांगायला शिकवले, विचारायला शिकवलेच नाही.

हे असे का झाले याला इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर कोणाला दोष द्यावासा वाटत नाही. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून भारतातील पहिले रुग्ण समोर आले. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी मिळायला 2004 चा एप्रिल उजाडला. मधल्या बारा वर्षांत आरोग्यसेवकाच्या हातात गोळी नव्हती, फक्त माहिती होती. तेव्हा प्रशिक्षण माहितीचेच झाले. रोग चार मार्गांनी पसरतो, हस्तांदोलनाने पसरत नाही, डास चावल्याने पसरत नाही, निरोध वापरा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा. हा पाठ आज कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर झोपेतून उठवून विचारले तरी म्हणून दाखवील, आणि त्या पाठाने गैरसमजांची मोठी जळमटे झाडून काढली हेही मान्य केले पाहिजे. पुढे स्वेच्छा चाचणी केंद्रे आली, त्यांची एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे झाली, समुपदेशकाचे स्वतंत्र पद निर्माण झाले, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘सक्षम’ प्रकल्पातून या समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला शिस्त दिली. पण समुपदेशक आला तशी एक अनपेक्षित गोष्टही घडली. बोलण्याचे काम त्याच्या खोलीत गेले आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरने लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही, रुग्णाला ‘त्या खोलीत’ पाठवायचे, असा अलिखित नियम झाला. (ज्या भाषेत र. धों. कर्व्यांनी 1927 पासून पंचवीसहून अधिक वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिक आरोग्यावर अगदी सरळ शब्दांत लिहिले आणि त्यापायी खटलेही सोसले, त्या भाषेतल्या डॉक्टरांना आजही शब्द सापडू नयेत हे चमत्कारिक आहे.)

माहिती असली की कृती आपोआप येते, हे गृहीतक तपासून पाहण्याची चांगली संधी क्षयरोगावरच्या एका अभ्यासाने दिली. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या डॉक्टरांकडे प्रशिक्षित बनावट रुग्ण पाठवले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 250 भेटींपैकी केवळ 52 भेटींत रुग्णाला योग्य वागणूक मिळाली. याच डॉक्टरांपैकी काहींना तसाच रुग्ण कागदावर दिला तेव्हा 73 टक्क्यांनी छातीचा एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी सांगितली. प्रत्यक्ष भेटीत हे प्रमाण 10 टक्के होते. म्हणजे ज्ञान होते, खुर्चीसमोर माणूस येऊन बसला की ते वापरात येत नव्हते. क्षयरोगात ही स्थिती असेल, तर जिथे विचारणाऱ्याच्याच कानशिलांना उष्णता जाणवते अशा विषयात ती बरी असण्याचे कारण नाही. आपल्याकडे लैंगिक इतिहास विचारण्याची जागा बहुधा एकाच प्रश्नाने भरून निघते: ‘लग्न झालंय का?’ उत्तर ‘हो’ आले की जोखीम संपली असे धरले जाते. या प्रश्नाच्या फोलपणाचा पुरावा पुण्यातच पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला आहे. गुप्तरोग दवाखान्यांत 1993 ते 1996 या काळात आलेल्या स्त्रियांचा रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देहविक्रीच्या व्यवसायात नसलेल्या 391 स्त्रिया होत्या. बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. त्यांच्यातल्या 13.6 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती, आणि मुख्य जोखीम जोडीदाराला असलेल्या गुप्तरोगाची होती. अशा स्त्रीला ‘एकनिष्ठ राहा’ हा सल्ला देणे म्हणजे ती जे करतेच आहे ते पुन्हा सांगणे. तिला विचारायला हवे ते वेगळेच: नवरा कामासाठी किती दिवस बाहेर असतो, त्याला कधी जखम किंवा स्राव झाला होता का, निरोधाचा विषय घरात काढला तर काय होईल, मार बसेल का. ऊसतोडीला सहा महिने कोयत्याबरोबर जाणाऱ्या जोडप्याची परिस्थिती वेगळी, मुंबईत एकट्याने राहून गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाची वेगळी, आणि बायकापोरे असूनही पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या माणसाची आणखी वेगळी. शेवटच्या माणसाला ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न लपायला उत्तम आडोसा देतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो संशोधनातूनच आलेला असल्यामुळे टाळून चालणार नाही. समुपदेशनाने काही साधते याचा पुरावा काय? अमेरिकेत ‘प्रोजेक्ट रिस्पेक्ट’ या संशोधन-चाचणीत 5,758 रुग्णांना गटांत विभागले होते. काहींना नुसता उपदेश, काहींना दोन भेटींत संवादात्मक समुपदेशन, काहींना चार भेटींचे. 1998 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांत सहा महिन्यांनंतर नवे गुप्तरोग सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, आणि दोन भेटींचे समुपदेशन जवळजवळ चार भेटींइतकेच उपयोगी ठरले होते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या केनिया, टांझानिया आणि त्रिनिदाद इथल्या मोठ्या अभ्यासातही समुपदेशनासह चाचणी झालेल्या पुरुषांत नेहमीच्या जोडीदाराबाहेरचे असुरक्षित संबंध 35 टक्क्यांनी घटले, केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्यांत 13 टक्क्यांनी. इथवर चित्र छान दिसते. पण 2013 मध्ये ‘प्रोजेक्ट अवेअर’चे निकाल आले. त्यात नऊ गुप्तरोग दवाखान्यांतले 5,012 रुग्ण होते. त्वरित चाचणीच्या वेळी एकदा समुपदेशन मिळालेल्यांत आणि फक्त माहिती मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांतील गुप्तरोगांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उलट समुपदेशनाच्या गटात आकडा किंचित जास्तच होता. यावरून ‘समुपदेशन म्हणजे वेळेचा अपव्यय’ असा अर्थ काढणारे आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

माझ्या मते ‘अवेअर’ने खोडले ते समुपदेशन या कल्पनेला नव्हे, एका विशिष्ट सवयीला. चाचणीच्या रांगेत उभ्या असलेल्या सर्वांना, त्यांची जोखीम कितीही असो, एकदाच गाठून बोलायचे आणि फाइल बंद करायची, ही ती सवय. दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. ‘रिस्पेक्ट’मध्ये माणूस अहवालासाठी पुन्हा यायचा, आणि पहिल्या भेटीत ठरवलेली छोटी कृती जमली की नाही यावर दुसऱ्या भेटीत बोलणे व्हायचे. त्वरित चाचणीने अहवाल वीस मिनिटांत दिला हे चांगलेच झाले, पण ती दुसरी भेट तिने काढून घेतली. दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. 1999 मध्ये वाइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी 27 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा लागण झालेल्यांनी आणि एकाला लागण असलेल्या जोडप्यांनी समुपदेशनानंतर वर्तन बदललेले आढळले. निगेटिव्ह अहवाल आलेल्यांत तसा बदल आढळला नाही. म्हणजे ज्याला आपल्या परिस्थितीशी जोडून काहीतरी ठोस मिळाले त्याने ते वापरले, आणि ज्याला सर्वसाधारण उपदेश मिळाला त्याने तो ऐकून सोडला. यात उपदेश ऐकणाऱ्याचे काय चुकले? आणखी एक: ‘अवेअर’ चाचणी झाली तेव्हा निगेटिव्ह माणसाच्या हातात ठेवण्यासारखे निरोधापलीकडे फारसे काही नव्हते. आज ती परिस्थिती राहिलेली नाही.

या बदलाची एक महत्त्वाची कडी पुण्याशी जोडलेली आहे. ‘एचपीटीएन 052’ या नऊ देशांतल्या चाचणीत एकाला लागण असलेली 1,763 जोडपी होती, आणि पुणे व चेन्नई ही तिची भारतातील केंद्रे होती. 2011 मध्ये जाहीर झाले की लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत उपचाराने विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही, दुसऱ्या टप्प्यात तर निरोधाविना झालेल्या 76 हजारांहून अधिक संबंधांची नोंद होती. लागण नसलेल्यांसाठी रोजच्या गोळीचा मार्ग आहे, तो प्रेप नावाने ओळखला जातो. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाविरच्या चाचणीत 2024 मध्ये आफ्रिकेतल्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. धोक्याचा संबंध येऊन गेला असेल तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची औषधे आहेत. गरोदर आईकडून बाळाला होणारी लागण काहीच न केल्यास 15 ते 45 टक्के असते, ती उपचाराने 5 टक्क्यांच्या खाली आणता येते. यातली प्रत्येक गोष्ट मागायची तर आधी रुग्णाने काहीतरी सांगितले पाहिजे. बलात्कार झालेल्या मुलीला, निरोध फाटलेल्या नवऱ्याला, सुई टोचलेल्या सफाई कामगाराला 72 तासांत बोलता आले नाही तर औषध कपाटातच राहते.

बोलते करणेही पुरेसे नसते, हे ‘फेम-प्रेप’ चाचणीने शिकवले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या स्त्रियांना रोज एक गोळी दिली होती. जवळजवळ सगळ्यांनी ‘नेमाने घेते’ असे सांगितले. रक्त तपासले तेव्हा लागण न झालेल्यांपैकी 40 टक्क्यांहून कमी जणींत औषध सापडले. आपल्याला धोका नाही, असे त्यांतल्या बहुतेकींना वाटत होते. चाचणी निष्फळ ठरली. त्याच सुमारास ‘पार्टनर्स प्रेप’मध्ये, जिथे जोडीदाराला लागण आहे हे दोघांनाही ठाऊक होते, तेच औषध लागण 75 टक्क्यांनी घटवत होते. ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले की ‘हो’ हे एकच उत्तर येते, कारण प्रश्नातच ते बसवलेले असते. ‘पुष्कळांच्या काही गोळ्या राहून जातात, तुमच्या या आठवड्यात किती राहिल्या?’ असे विचारले तर राहिल्याची कबुली देणे अपमानाचे वाटत नाही. हा फरक स्वभावाचा नाही, कौशल्याचा आहे, आणि कौशल्य शिकवता येते.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे. सकाळी दीडशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण वेळ किती लागतो, याचाही अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या सहा एचआयव्ही दवाखान्यांत नेहमीच्या डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत तीन ते पाच मिनिटे बोलायचे, असे ठरवून डॉक्टरांना तयार केले गेले. 2004 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, दोन किंवा अधिक जोडीदार असलेल्या रुग्णांत असुरक्षित संबंध 38 टक्क्यांनी घटले. यातली एक खोच मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या मताला सोयीची नाही. हा परिणाम ‘असुरक्षित वागलात तर काय गमवाल’ अशा मांडणीने साधला, ‘सुरक्षित वागलात तर काय मिळेल’ अशा मांडणीने साधला नाही. भीती घालणाऱ्या पोस्टरांचे समर्थक या निष्कर्षाकडे बोट दाखवतील. तरी दवाखान्याच्या भिंतीवरची कवटी आणि वर्षानुवर्षे आपली नाडी पाहणाऱ्या डॉक्टरने नाव घेऊन सांगितलेले नुकसान यांत अंतर आहे, आणि ते अंतर नात्याचे आहे. म्हणूनच सगळे बोलणे समुपदेशकाच्या खोलीत ढकलण्याला माझा विरोध आहे. समुपदेशकाचे काम कमी महत्त्वाचे नाही. रुग्ण त्याच्याकडे एकदा जातो, आणि डॉक्टरकडे किंवा सिस्टरकडे पुन्हा पुन्हा येतो, एवढाच मुद्दा आहे. ग्रामीण भागातल्या अनेक केंद्रांत तर परिचारिका किंवा तंत्रज्ञ यांनाच हे काम नेहमीच्या कामात मिसळून करावे लागते.

‘आपल्याकडे लोक हे बोलत नाहीत’ हा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2005-06 च्या तिसऱ्या फेरीपासून प्रश्नकर्ते खेड्यापाड्यांत जाऊन स्त्री-पुरुषांना लैंगिक जोडीदारांची संख्या विचारत आले आहेत, आणि लोक उत्तरे देत आले आहेत. सगळी खरी नसतील. पण अनोळखी सर्वेक्षकाला जे विचारता येते ते डॉक्टरला विचारता येत नाही, हे पटणे कठीण आहे. प्रेपची किंवा दबलेल्या विषाणूची गोष्ट सांगितली तर लोक मोकाट सुटतील, ही शंका मात्र अनेक डॉक्टर मनात ठेवूनच माहिती लपवतात. ती तेवढी हलकी नाही. प्रेप घेणाऱ्यांत इतर गुप्तरोग वाढल्याचे काही ठिकाणी दिसले आहे. त्यावर उपाय दर तीन महिन्यांच्या भेटीत गुप्तरोगांची तपासणी करण्याचा आहे. औषध आहे हे रुग्णापासून लपवण्याचा अधिकार कोणत्याही आरोग्यसेवकाला नाही.

आणि रुग्ण बोलेल तो फक्त त्याला सुरक्षित वाटले तर. 2017 चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. त्याने माहितीपूर्ण संमती, चाचणीआधीचे व नंतरचे समुपदेशन आणि गोपनीयता यांना कायद्याचे बळ दिले आणि उपचारातला भेदभाव निषिद्ध केला. तरी मुंबई आणि बंगळुरूतल्या आरोग्यसेवकांवर झालेल्या व 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कलंकाच्या भावना डॉक्टरांपासून वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांपर्यंत सर्व थरांत आढळल्या. त्यांची मुळे दोन होती: कामावर लागण होण्याची भीती आणि रुग्णानेच हे ओढवून घेतले हा समज. पहिल्या मुळावर माहिती चालते. दूषित सुई टोचल्याने एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के आहे, हिपॅटायटिस बीची त्याहून कित्येक पट अधिक, आणि त्याची लस उपलब्ध आहे. दुसऱ्या मुळावर व्याख्यान चालत नाही. तिथे एचआयव्हीसह जगणारी माणसे आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया प्रशिक्षक म्हणून वर्गात याव्या लागतात. सांगलीत 1992 पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘व्हॅम्प’ने या स्त्रिया आरोग्यशिक्षक होऊ शकतात हे कधीच दाखवून दिले आहे. त्यांच्याकडून शिकायला रुग्णालये अजून बिचकतात, हे अनाकलनीय आहे.

या पुस्तकाची रचना या विचारातून झाली आहे. विषाणूशास्त्राची प्रकरणे मुद्दाम आखूड ठेवली आहेत आणि निम्म्याहून अधिक पाने सरावाच्या संवादांना दिली आहेत. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला आहे, तिथेही हे संवाद वापरता येतील. प्रशिक्षकांना एक विनंती आहे. संवाद मोठ्याने वाचून दाखवू नका, तिघांचे गट करा: एक विचारणारा, एक रुग्ण, एक फक्त पाहणारा. पाहणाऱ्याने विचारणाऱ्याचे कोणते प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपले ते टिपायचे. दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर सहा आठवड्यांनी त्याच माणसांना अर्ध्या दिवसासाठी पुन्हा बोलवावे, आणि मधल्या काळात त्यांना प्रत्यक्षात काय विचारता आले नाही यावरच बोलावे. पहिल्या बैठकीत जे सोपे वाटते ते बहुधा तिथेच अडते. प्रेप आणि धोक्यानंतरच्या औषधांची मात्रा इथे दिलेली नाही. मार्गदर्शक तत्त्वे बदलत राहतात, म्हणून त्या पानांवर जागा कोरी ठेवली आहे. प्रत्येक केंद्राने नॅकोच्या ताज्या सूचना पाहून आणि आपल्या जिल्ह्यात ही औषधे रात्री अकरानंतर नेमकी कुठे मिळतात ते शोधून ती स्वतः भरायची आहे.